दुसरा भाग

पहिला भाग आम्ही घणसोलीत पाहिला,
गावठाणातल्या भाड्याच्या खोलीत,
लॅपटॉप उशीला टेकवून.
पेनड्राइव्ह राऊत भावजींचा, कॉपी चोरीची,
कुणीतरी थिएटरात मांडीवर कॅमेरा धरून काढलेली.
मधूनच एक टकलं डोकं पडद्यावरून आडवं जायचं,
आणि जिथे खवले मांजराची आई
अंगाचा गोळा करून बसते ती पुन्हा उलगडतच नाही,
तिथे मागे अंधारात कुणीतरी खोकायचं.
दोनदा.
शाल्मली तेव्हा पाच वर्षांची.
तिला वाटायचं, आईच खोकतेय आतून,
म्हणजे आहे अजून.
मी काही सांगितलं नाही.

खवले सगळे सारखेच होते त्यात,
एकच काढून शंभर जागी चिकटवल्यासारखे.
पाणी म्हणजे झटकलेली निळी चादर.
पण त्या प्रसंगात कुणी बोलत नव्हतं,
पेटीचा एक सूरसुद्धा नव्हता.
पिल्लू आईभोवती एक फेरी मारतं, मग दुसरी,
मग तिच्या पाठीला पाठ लावून
तेही गोळा होतं.
कुकरची शिटी झाली तरी मी उठले नव्हते.

दुसरा भाग सीवूड्सच्या मॉलमध्ये.
चार तिकिटं, चार चष्मे,
मक्याच्या लाह्या सोन्याच्या भावाने.
आता प्रत्येक खवला वेगळा, प्रत्येकावर वेगळं ऊन,
चिखल असा की प्रफुल्लने पाय आखडून घेतले.
आणि आई परत येते!
बेशुद्ध होती म्हणे. आठ वर्षं.
वर एक बोलका खेकडा, जो
दर अर्ध्या मिनिटाला विनोद करतो,
घरात क्षणभर शांतता झाली की
घाबरून काहीतरी बोलणाऱ्या पाहुण्यासारखा.
शाल्मलीने चष्मा काढून मांडीवर ठेवला.
'चीटिंग आहे ही,' म्हणाली,
आणि पुढचा सिनेमा तिने तसाच पाहिला,
दोन-दोन कडांचा, पुसट.

मीही म्हणणार होते, पहिल्याची सर नाही.
पण मी कुठल्या तोंडाने म्हणू?
सिडकोची लॉटरी लागली, खारघरला आलो,
मग ओजस झाला.
त्याला पाळणा नवा, एसी, दारात शाळेची बस.
शाल्मलीला मी एकेक घास
चिमणीच्या नव्या गोष्टीवर भरवला,
चिमण्या संपल्या तेव्हा कावळे आणले, मग जेसीबी.
ह्याला मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून देते
आणि दुसऱ्या खोलीत जाऊन मीटिंगला बसते.
बजेट वाढलं की
काय कमी होतं, ते
मला कुणी समीक्षकाने सांगायला नको.

तेवढ्यात ओजस हसला.
एकटाच, भलत्याच ठिकाणी.
पडद्यावर आई-पिल्लाची गळाभेट, शंभर व्हायोलिनं,
मागच्या रांगेतल्या बाई नाक ओढतायत,
आणि हा खदखदतोय. 'मुंगी, मुंगी!'
खाली डाव्या कोपऱ्यात एक मुंगी होती.
पहिल्यापासून होती म्हणे,
तिच्याहून मोठा दाणा ओढत.
आत्ता, ह्या गळाभेटीच्या धक्क्यात,
दाणा तिच्या तोंडून सुटून घरंगळला,
आणि ती मागे वळली, शोधायला.
मला ती दीड तास दिसली नव्हती.
कुणीतरी बसून काढली असेल ती, रात्री उशिरा,
कुणी सांगितलं नसताना,
खेकड्याचे विनोद सगळे संपवून झाल्यावर.

रिक्षात शाल्मली बाहेर बघत म्हणाली,
'तो खोकला प्रेक्षकाचा होता ना?
मला दुसरीतच कळलं होतं.'
मग बोलली का नाहीस?
'तू बोलली नव्हतीस म्हणून.'
बेलापूरचा पूल आला, गेला.
तिसरा भाग चार वर्षांनी, प्रफुल्ल म्हणाला,
शेवटी पाटी आली होती.
शाल्मलीने बोटांवर काही मोजलं
आणि बोटं मिटून घेतली.
ओजस मधेच:
'पण मुंगीला दाणा मिळाला का?'
आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.
पाट्या सुरू झाल्या तेव्हाच
आम्ही उठलो होतो.