साहित्याची यादी

पुस्तकात लिहिलंय, ओठ निळे पडतात.
चित्रही आहे, पान दोनशे चौदा :
गोऱ्या बाईचे ओठ, शाईचं बोट फिरवल्यासारखे.
करोंगाच्या या वर्गात एक्केचाळीस मुली आणि नऊ मुलगे
ते वाक्य उतरवून घेतात, खाली रेघ मारतात.
परीक्षेत दोन गुणांना येतं.

मीही असंच उतरवून घेतलं होतं.
आणि नोकरीच्या पहिल्याच वर्षी, रात्रपाळीत,
वीज गेलेली,
सरोवरावरून आलेला चिलटांचा ढग खिडकीच्या जाळीला चिकटलेला,
बारा नंबरच्या खाटेवरच्या पोराचे ओठ
मी टॉर्च धरून पाहिले.
निळे नव्हते.
तक्त्यावर लिहिलं : ओठ ठीक.
खाली सही. अक्षर तेव्हा फार वळणदार होतं माझं.

फरशी पुसणारी न्याम्सिस्का
बादली तिथंच ठेवून आली.
पोराचा खालचा ओठ तिनं अंगठ्यानं उलटा केला,
म्हणाली, इथं बघ.
आतला रंग वाळत घातलेल्या उसिपा मासळीच्या पोटाचा.
मग जीभ. मग तळहात.
मग त्याची नखं, माझ्या नखांशेजारी धरून.
"पळ, सिलिंडर आण. मी याला बसता धरते."
सिलिंडर अर्धाच होता.
सकाळपर्यंत पुरला.

अकरा वर्षांनी अभ्यासक्रम बदलायला निघाला.
लिलोंग्वेहून माणसं आली, पाण्याच्या बाटल्या आल्या,
प्रत्येकाच्या पुढ्यात एक नवी फाईल.
मी अर्धा तास मागितला.
सातवा आठवडा, विषय :
आपल्या कातडीवर आजार कसा वाचायचा.
"कशाच्या जागी?" काम्वेंडोसाहेबांनी विचारलं.
प्रश्न रास्त होता, तास काही रबराचा नसतो.
मी वाचत गेले :
चादरीचे कोपरे पंचेचाळीस अंशांत दुमडणे, सहा तास.
डोक्यावर बर्फाची पिशवी बसवणे, दोन तास.
आमचा फ्रीज मार्चपासून बंद आहे.
चादरीला हात लावू नका, कोणीतरी म्हणालं,
ती परंपरा आहे.
मग बर्फातून अर्धा तास वितळवून मिळाला.

आणि शिकवणार कोण?
मी नाव सांगितलं.
शिक्षण? चौथी.
अनुभव? एकोणतीस वर्षं, पण फरशीवरचा.
ती नियमात बसेना, मानधनाच्या रकान्यात बसेना.
चहा झाला. दुसरा चहा झाला.
तेव्हा कारकून लुसेकेलो, जो सभेत कधी तोंड उघडत नाही,
कागदातून मान वर न काढता म्हणाला,
"साहित्यात दाखवू या. खडूच्या खात्यातून पैसे निघतात."

तर यादी आता अशी आहे :
रबरी बाहुली एक, गुलाबी, डावा हात निखळलेला.
रक्तदाबाची यंत्रं चार, पैकी चालू तीन.
एनिमाचा डबा एक.
न्याम्सिस्का एक.

सातव्या आठवड्यात ती आली
चर्चला जाताना नेसते ते चितेंजे नेसून.
आधी बाहुलीजवळ गेली, ओठ उलटवून पाहिला.
तो उलटेना.
"हिला काय होणार!" म्हणाली, आणि बाहुलीवर चादर ओढली,
कोपरे कसेही.
मग वेझीला पुढं बोलावलं, मग चावानांगवाला.
थोड्या वेळानं वर्गभर जोड्या, एकमेकांचे ओठ चिमटीत,
खिडकीकडे तोंडं वळवून,
कोणी हसतंय, कोणी थुंकी पुसतंय,
एकीनं मैत्रिणीची नखं बराच वेळ सोडलीच नाहीत.
वह्या मिटलेल्या.
मी मागं उभी, हातात तपासणीचा फॉर्म :
साहित्य वापरण्यायोग्य स्थितीत आहे काय?
लिहायला पेन टेकवणार
तेवढ्यात ती माझ्यापर्यंत पोचली.
विचारलंसुद्धा नाही.
अंगठा ओठावर, फिनेलचा वास,
"मॅडम, तुझं रक्त कमी आहे.
मटण खा. भाजी खा.
आणि ही सभांची जागरणं बंद कर."