पांदण

काल दुपारी चाळीस ओळी खोडायला म्हणून निळ्या केल्या.
डिस्कची पहिली मांडणी वाचणाऱ्या ओळी:
फाइलच्या नावाला आठच अक्षरं, वर्षाला दोनच आकडे,
आणि मध्येच एक बाइट कायम रिकामा,
का, ते लिहिणाऱ्यालाच माहीत.
वर त्याचाच शेरा: काढू नये.
सही नाही. कारण नाही.

या चाळीस ओळींपायी मला काही सरळ लिहिता येत नाही.
नवं काहीही करा, आधी यांना वळसा.
आणि ती मांडणी आता वापरतं कोण?
बोट बटणावर होतं
तेवढ्यात लाइन गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाचीच मेलेली.

दारव्ह्याच्या अलीकडे लाइन गेली की
माणूस मागच्या दारी येऊन नुसता उभा राहतो.
डावीकडे आमची तूर, उजवीकडे कवडूजींची,
मधून पांदण.
ट्रॅक्टर मावत नाही, डांबरी झाल्यापासून बाकी कोणी वळत नाही,
एकट्या देवमन भोयरची बंडी तेवढी.
कवडूजी दर साली एक तास आत सरकतात.
"एका माणसापायी एवढी जागा पडीत ठेवाची कायले, सांग बरं?"
सांगता आलं नव्हतं.
दीड क्विंटल तूर होते तेवढ्यात,
मीच मोबाइलवर हिशेब करून दिला होता.

बंडी आली.
देवमन आडवा, डोळ्यांवर दुपट्टा,
कासरा जुवाला गुंडाळलेला.
बैल आपले आपण,
चाक जुन्याच चाकोरीत.
कवडूजींच्या नव्या तासाशी ते एकदा हिंदकळलं,
देवमनचा पाय हलला.
झोप मोडली नाही.
माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. बघायचं कारणच नव्हतं.

लाइन रात्री नऊला आली.
ओळी जागेवर होत्या, राहू दिल्या.
कपाटातली एक जुनी डिस्क लावून पाहिली,
उघडली, काही न बोलता.
मग त्या शेऱ्याखाली कारण लिहायला बसले.
तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.
देवमनचं नाव तिथे कोणाला कळणार?
शेवटी नुसतं माझं नाव टाकलं, तारीख टाकली,
चार आकड्यांचं वर्ष,
आणि तो रिकामा बाइट
रिकामाच ठेवला.