गोडी

मुचंडी एजंटानं चप्पल न काढताच सांगितलं,
गिऱ्हाईक उंबऱ्यावरच ठरवतंय, वहिनी,
पुढचं सगळं नुसतं फिरणं.

म्हणून आधी उंबरा.
हळदीचा जुना थर ब्लेडनं खरवडून नवी हळद.
मग भिंती. मोतिया, दोन हात,
वडगावात सध्या हाच रंग चालतोय.
ओल आली होती तिथं सोसायटीचं कॅलेंडर.
दारावरची पाटी, वर कन्नड खाली मराठी,
काढू का, विचारलं, तर म्हणाला,
दोन्ही असू दे. कोण येतंय काय ठाऊक.

माग गेले ते किलोवर गेले. चार माग.
वजनाची चिठ्ठी अजून साखरेच्या डब्याखाली आहे.
मागं राहिली बोल्टांची सोळा भोकं.
व्हाईट सिमेंट कालवून मी एकेक भरलं,
चमच्याच्या पाठीनं सारखं केलं.
तेलाचा डाग मात्र गेला नाही.
सोडा झाला, रॉकेल झालं, लिंबू झालं.
त्यावर सतरंजी टाकली,
सतरंजीवर स्टूल, स्टुलावर प्लॅस्टिकची फुलं,
आणि ते इतकं खोटं दिसलं
की फुलं काढून आत ठेवली.

झरोका झाडला तर सूत पडलं.
राणी, पोपटी, जांभळं,
तेवीस वर्षांच्या साड्यांचा भुसा.
त्यातली एकही मी नेसले नाही.
सुपलीत भरून ठेवला.
जीव अडकला म्हणून नव्हे,
घंटागाडी त्या दिवशी आली नाही म्हणून.

"आणि ते," मुचंडीनं भिंतीकडं बोट केलं.
पलीकडं शिवलिंग सोंटक्कीचे दोन माग,
सकाळी सातपासून खटक् खटक्.
"रविवारी तासभर बंद ठेवायला सांगा.
आवाजाचं घर कोण घेतंय?"
सांगायला गेले. सोंटक्कीनं का ते विचारलं नाही.
"अकरा ते बारा," एवढंच म्हणाला
आणि कापडावरून हात फिरवत राहिला.

रविवारी अकराला माग थांबले.
फळीवरचे पेले किणकिणायचे थांबले
तेव्हा कळलं, ते किणकिणत असायचे.

हायस्कूलचे मास्तर आले, बायको दानम्मा.
मास्तर नळ सोडून बघत होते,
पाणी किती दिवसांनी, जोर किती.
मग मुचंडी त्यांना गच्ची दाखवायला घेऊन गेला.
दानम्मा खालीच थांबली.
सतरंजीची कड पायानं सरकवली.
वाकली नाही, बोलली नाही.
सरळ त्या भिंतीकडं गेली, तळवा टेकवला.
"ई गोडी," म्हणाली, आणि थांबली.

कन्नडात गोडी म्हणजे भिंत.
लग्न होऊन इथं आले तेव्हा
भिंतीला गोडी म्हणतात म्हणून
मी पदराआड हसायचे.

"मग्गा बंद माडिसीरेनु?"
माग बंद करायला लावलात का.
मला खोटं बोलायला मराठी सुचेना,
कन्नड तर राहूच दे.

बनहट्टीची निघाली. बापाचे आठ माग होते.
म्हणाली, चालू करायला सांगा. ऐकू दे.
मी खिडकीतून हाक मारली.
बाराला सतरा मिनिटं कमी असताना
सोंटक्कीनं खटका दाबला.

पेले बोलायला लागले.
भिंतीवरचा हात न काढता दानम्मा म्हणाली,
दुसऱ्या मागाचा पट्टा सैल झालाय, सांगा त्यांना.

आणि मास्तर जिना उतरायच्या आत
तीस हजार कमी करून मागितले.
तेल निघत नाही, म्हणाली,
आमच्या घरातलंही निघालं नव्हतं.
तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं.
भाव होता.

रात्री हे उद्यमबागेतून ड्यूटी करून आले.
वॉचमनची टोपी सवयीनं खुंटीला लावली.
खुंटी मी रंगाच्या वेळी उपटली होती,
टोपी खाली पडली. उचलली. पुन्हा तिथंच बघितलं.
"काय म्हणूलालीय पार्टी?"
गोडी म्हणाली, मी सांगितलं.
"व्हय?"
आणि बरं वाटल्यासारखे जेवायला बसले.
मी भाकरी वाढली.
फोडून काही सांगितलं नाही.