सैल बटण

दाउगावपिल्स ते रीगा, चार तास,
बसच्या काचेवर बर्फाची साय.
सोबत आउस्त्रामावशी; इल्झे ऐनवेळी तापानं पडली,
आणि तिकीट वाया घालवणं मावशीच्या रक्तात नाही.

बंदरावरचं गोदाम. मंचावर एकच पोरगा,
तारांच्या गुंत्यावर वाकलेला,
जणू कुणाचा तरी मीटर दुरुस्त करतोय.
"गाणारा कधी येणार?" मावशीनं विचारलं.

मग खर्ज आला,
आधी तळव्यांत, मग पोटात.
मावशीच्या कोटाचं सैल बटण थरथरायला लागलं.
तिनं ते चिमटीत धरलं.
सोडलं.
पुन्हा धरलं.

परतताना गप्प.
येकाबपिल्सला ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं
तेव्हाही बटण चिमटीतच.

"आमच्या गिरणीत माग असेच घुमायचे," म्हणाली,
"बावीस वर्षं.
कुणी टाळ्या नाही वाजवल्या."