तायी कार्ड

सिस्टर म्हणते ‘तायी कार्ड’.
जांबोटीकडच्या बायकांना ऐकू येतं ताई,
आणि नऊ तारखेच्या रांगेत एखादी हमखास विचारते,
हे माझं, की माझ्या थोरलीचं?
मी सांगते, कन्नडात तायी म्हणजे आई गे.
मग ती कार्डाकडं नव्यानं बघते.
अजून पोट दिसतसुद्धा नसतं.

मी आशा. नाव इंदू घाडी, ते मानधनाच्या यादीपुरतं.
माझी पिशवी शब्दांनी जड.
घरात कुणी गरोदर म्हणत नाही,
‘दिवस गेलेत’ म्हणतात, तेही चुलीकडं तोंड करून.
डॉक्टर म्हणतात एएनसी.
हिमोग्लोबिन आठ पॉइंट दोन, हे मी
‘रगत पातळ झालंय’ असं करून पोचवते,
आणि लोहाच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवलेल्या सापडतात
त्याला कुठल्याच भाषेत शब्द नाही.

काजूला मोहर आला होता त्या रात्री
वैजंता गुरवला खानापूरच्या दवाखान्यात आणलं.
नागरत्ना सिस्टर मूळची रोणची, मराठी तिला येतं
भाजी घेण्यापुरतं.
तिनं केसपेपरवर लिहिलं, आणि लिहिताना मोठ्यानं वाचलं:
जी थ्री, पी टू, एल वन.
वैजंता दोन कळांच्या मधी होती, शहाणी, शांत.
म्हणाली, ते दोन कुठलं, एक कुठलं?
म्हटलं, तिसरी खेप. दोन झालेली. एक असलेली.
‘मग तो कुठल्या अक्षरात गे?’

तो अकरा दिवसांचा होता.
बारसं दुसऱ्या दिवशी होतं,
पाळणा शेजारच्यांकडून मागून आणलेला.
तसाच परत दिला, कुंच्यासकट.
मी एवढं मोठं वाक्य कन्नडात नेऊ शकले नाही.
सिस्टरनं विचारलं, एन अंताळ? काय म्हणते?
म्हटलं, पाणी मागतीय.

पुढं कुणी काही विचारलं नाही.
‘दुखूलालंय, दुखूलालंय गे’,
‘तिणुकव्वा, तिणुकु’,
मी मधी उभी, कुंथ बाई, कळ आली की कुंथ,
आणि साडेतीनच्या सुमारास ध्यानात आलं की
मी अर्धा तास नुसतीच तिचा पाय धरून उभी आहे,
सिस्टर कन्नडात सांगते नि वैजंता ते करते.

पोर आलं. रडेना.
नळीनं तोंड साफ केलं, टाचेवर टिचकी मारली,
सिस्टर त्याच्या कानाशी वाकून म्हणत राहिली
‘अळु, अळु, अळो मगा.’ रड रे बाळा, रड.
वैजंतानं मान उचलली.
‘अळू? आता अळू कशाला?’
मी हसले. खरंच हसले, तसल्या वेळी.
तिच्या न्हाणीमागं सांडपाण्यावर अळू माजतो,
तिथंच पहिल्याची वार पुरलेली,
ती पानं ती कधी शिजवत नाही, हे मला ठाऊक होतं.
हसू अर्ध्यावर असताना पोर रडलं.

दोन किलो सहाशे. मुलगी.
सकाळी सासू आली, चीक पिळून टाकायला निघाली.
सिस्टर दारातून ओरडली, हालु! हालु कुडसु!
सासू म्हणाली, हाल तर झालेच की बाई, रात्रभर.
दोघींचं बरोबर होतं. मी चीक तेवढा वाचवला.

सिस्टरनं आता लिहिलं पी थ्री, एल टू.
आकडे पुढं सरकले, मधला फरक जागेवर.
घरी सोडताना वैजंतानं कार्ड माझ्यापुढं धरलं,
मागच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं
आणि एक नाव सांगितलं.
पाच वर्षांत तिनं ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.
मी पेन्सिलीनं लिहिलं, मराठीत,
रक्तगटाच्या रकान्याखाली, बारीक.

दीड महिन्यानं ती लसीला येईल, कार्ड घेऊन.
सिस्टर उलटून बघेल, विचारेल, इदु यार?
हे कोण.
काय सांगायचं, ते अजून जुळवते आहे.