नोंदवही क्रमांक नऊ

पळाट्या आधी रस्त्यावर अंथरायच्या,
बैलगाड्यांच्या धावांखाली चिरडून मऊ होईपर्यंत.
मग शेण, राख, गोठ्यातली ओली माती,
थरावर थर,
की खड्ड्याच्या पोटात ताप चढू लागे.

तो मोजायला दिगंबर मुळ्ये कारकून,
पगार रुपये अठ्ठावीस,
सातची शेपटी लांब ओढायची
आणि तारखेशेजारी तिथी लिहायची खोड.

वही माझ्या टेबलावर आली,
तेव्हा वाळवीने मार्गशीर्ष खाल्ला होता.
पौष शाबूत.

वद्य पंचमी: ‘थर्मामीटर फुटला. चूक माझी.
मुंबईहून दुसरा येईतो रकाना कोरा राहील.’

रकाना कोरा नाही.
एकशे अडतीस. एकशे बेचाळीस.
एकशे एकोणपन्नास.

मी म्हटलं, लबाड आहे माणूस.
नोकरीसाठी आकडे रचतोय.
मग समासात दिसलं, पेन्सिलीने, पुसट:
‘धापूने सांगितले.’

धापू हजेरीपटात आहे,
एक अंगठा, रोज तीन आणे.
लोखंडी गज खड्ड्यात खुपसायची,
पाच वेळा वीस मोजायची
(विसापुढचं तिला येत नसावं),
गज ओढून तळव्यात धरायची, म्हणायची,
‘अबार घणो तातो हे. काल पलटजो.’
माळव्यात काल म्हणजे उद्यासुद्धा,
हे मुळ्यांना एव्हाना कळलेलं.
त्या वाक्याचा ते आकडा करीत.
कसा, ते कुठेच लिहिलेलं नाही.

माघ शुद्ध नवमीला पार्सल,
भुश्शात निजलेली काचेची नळी.
त्या सकाळी दोन आकडे शेजारी-शेजारी:
नळी, एकशे एकेचाळीस.
धापू, एकशे त्रेचाळीस.
खाली रेघ. रेघेखाली मुळ्यांचा शेरा:
‘नळी तपासून घ्यावी.’

पुढे या खताची रीत इंदूरचं नाव घेऊन
बोटीत बसली, दूर कुठल्या कॉफीच्या मळ्यांत उतरली.
छापील अहवालात तक्ता आहे, सुबक.
त्या एकोणीस दिवसांपुढे फुली,
तळाशी, ‘नोंदी उपलब्ध नाहीत.’

आज मी ही वही यादीत चढवतेय.
‘नोंद करणारे’ या ओळीत
मुळ्ये दिगंबर केशव झाले.
दुसरं नाव घातलं, धापू.
संगणक आडनाव मागतो.
रिकामा चौकोन
मघापासून तांबडा झालाय.