दोन खिळे

मकबूल मिस्त्रीनं लिंबाच्या खोडाला
सुतळीचा फास घातला, गोल फिरला.
वर्तुळ सरळ न्हाणीत शिरलं.

मी मोबाईलमधला नकाशा दाखवला.
तो म्हणला, "आधी झाडाला दावा."

मग खोडाच्या दोन अंगांना
दोन खिळे ठोकले,
सुतळी सैल सोडली
आन् औशाच्या काळ्या मातीत उमटलं
अंड्यासारखं लांबट काहीतरी.
याच आकारात मी दहावीला
पृथ्वी फिरवली होती, तीन मार्कांना.

काळा दगड. चुना.
वर शहाबादी, उरलेल्या तुकड्यांची.
ओळंबा थरथरला, थांबला.

दिवस बुडाला तरी फरशी तापलेली.
कुशावर्ता आत्या शेंगा फोडत
बरोबर पहिल्या खिळ्यावर बसली.

दुसऱ्यावर अजून कुणी बसत नाही.
लिंबोळ्या पडतात.